फुलांच्या खड्ड्यातली पिशवी

दोष करीमबाबांचाच. दुसऱ्या कुणाचा नव्हे.

“पण पिशवी आहे कुठे?” वर त्यांनीच विचारलं. “दाखव की, बेटा. एक तरी दाखव.”

त्यांचा शागीर्द हैदर कुदळ घेऊन फुलांच्या खड्ड्यात गुडघाभर उभा होता. टेकडीवरच्या दर्ग्यात चढवलेली फुलं इथंच कुजत. त्या खतावर बाबांनी चाळीस वर्षं गुलाबाचा एक वाफा राखला होता. दर गुरुवारी मजारीवर पहिलं फूल त्याच वाफ्यातलं.

रीत साधी होती. येणाऱ्यांनी आपली उतरवलेली फुलं हातानं खड्ड्यात सोडायची, पिशवी घडी घालून खिशात. कुणी टाकलीच, तर बाबा स्वतः वाकून उचलत. मग म्हातारपणाला सोय हवीशी झाली. एक व्यापारी ‘आपोआप नष्ट होणारी’ असं छापलेल्या निळ्या पिशव्या देऊन गेला, आणि बाबा सगळ्यांना सांगू लागले, टाका पिशवीसकट.

हैदर तेव्हाच नको म्हणाला होता. “कॉलेज अर्धवट सोडणाऱ्यानं शिकवू नये,” असं उत्तर मिळालं.

त्याला दोन वर्षं झाली.

“नाही ना दिसत?” बाबा हसले. “छापलेलं खरं निघालं.”

हैदरनं मूठभर खत उचललं, पाण्याच्या बादलीत टाकलं, ढवळलं.

माती खाली बसली. वर निळ्या कपच्या तरंगत राहिल्या. नखाएवढ्या. तिळाएवढ्या.

“उन्हानं फुटली, बाबा. कुजली नाही. एकीच्या हजार केल्यात तुम्ही.”

“...वाफ्यातही?”

“दोन वर्षं हेच खत घालताय.”

बाबा वाफ्यापाशी बसले. माती उकरून चिमटीनं कपच्या वेचू लागले. हैदर बघत राहिला. हात लावला नाही त्यानं.

ऊन कललं, तरी वीतभर जागा साफ झाली नव्हती.

“संपतील अशानं?” हैदरनं विचारलं.

“नाही.”

“मग कशाला वेचताय?”

“पिशवी अख्खी होती, तेव्हा वाकलो नाही.”

“गुरुवारचं फूल...?”

बाबा उठले. त्याच्या हातातली कुदळ घेतली आणि पहिल्या गुलाबाच्या बुडाशी घातली.

“चाळीस वर्षांची माती गेली,” ते म्हणाले. “पिशवी आहे.”