ओच्यातली पिल्लं

एका माळावर म्हाळू नावाचा मेंढपाळ बायको ठकूबाई आणि धाकटा भाऊ सिदा यांच्यासह मेंढरं राखत असे. दिवाळी सरली, माळावरचं गवत संपलं आणि तळ हलवायची वेळ आली. खिंडीपलीकडे हिरवं रान होतं. पण खिंडीत एक लांडगा दबा धरून असायचा, म्हणून दिवस बुडायच्या आत ती ओलांडणं भाग होतं. कळपाचा सगळा भरवसा एकट्या वाघी कुत्रीवर.

नेमकी निघायच्या दिवशी पहाटे एक मेंढी व्याली, आणि बाभळीखाली वाघीही व्याली. कोकरू कान झटकत उठलं, पडलं, पुन्हा उठलं नि आईला लुचायला लागलं. वाघीची तीन पिल्लं मात्र डोळे मिटून एकमेकांच्या अंगावर वळवळत होती.

म्हाळूच्या घरात वाडवडिलांचा नियम होता. तळ हलताना जे उभं राहील ते आपलं, जे उठणार नाही ते माळाचं. सिदाने कोकरू उचलून सामान वाहणाऱ्या घोडीच्या पाठीवरच्या जाळीत ठेवलं. म्हाळूने काठीच्या टोकाने एका पिल्लाला उभं करून पाहिलं. ते कलंडलं.

"ऱ्हाऊ दे हितंच," तो म्हणाला. "ह्यांचं डोळं उघडंस्तोवर लांडगा निम्मा कळप खाईल."

कळप हलला. वाघी थोडी चालली, थांबली, मागे पळाली. हाकेला येईना. म्हाळूने तिच्या गळ्यात दोरी बांधून ओढली, तशी ती ओढली गेली, पण मान सगळी मागेच. ऊन उतरत चाललं होतं.

ठकूबाईचा त्या दिवशी बिरोबाचा उपास होता. ती मागे वळली, देवाचं नाव घेऊन बाभळीखाली बसली आणि तिन्ही पिल्लं लुगड्याच्या ओच्यात घेऊन कळपापाशी आली.

सिदा हसला. "वहिनी, बारसं कवा घालायचं?"

म्हाळूला हसू आलं नाही. या उशिराने घात झाला तर तो तुझ्या माथी, असं त्याने बजावलं. वर नियमाचीही आठवण करून दिली.

ठकूबाई शांतपणे म्हणाली, "धनी, तुम्ही जन्मलात त्या दिशी उभं ऱ्हायला व्हता का?"

सिदाचं हसू तिथंच विरलं.

"दूध पिणारी समदी एकाच गोताची," ती म्हणाली. "कुणाला देव पोटातच पुरं करून धाडतो. कुणाला अर्धं घडवून आईच्या हवाली करतो. उरलेलं तिनं करायचं."

आणि ते खरंच आहे. दूरदेशी तर बोटाच्या पेराएवढं पिल्लू जन्मतं आणि आईच्या पोटावरच्या पिशवीत वाढतं. एक प्राणी चक्क अंडं घालतो, नि त्यातून निघालेल्या पिल्लाला दूध पाजतो. म्हणून ती आई काही उणी ठरत नाही.

ठकूबाईने वाघीच्या गळ्यातली दोरी सोडली. आता वाघीला ओढावं लागलं नाही. ओच्याला नाक लावून ती चालू लागली.

खिंड आली तेव्हा दिवस बुडत होता. मेंढरं एकाएकी थबकली आणि एकमेकांत शिरली. दगडाआडून लांडगा उठला. म्हाळू कळपाच्या पुढे होता, लांडग्याचा डोळा मागे राहिलेल्या, पहाटे व्यालेल्या मेंढीवर. काठी घेऊन तो धावला, पण मधली मेंढरं वाट देईनात.

वाघीने ओच्याला एकदा नाक लावलं. पिल्लं तिथंच होती. मग ती सुटली.

धुरळा उठला. गुरगुर ऐकू आली, मग एक केकाटणं. कुणाचं ते कळेना. ठकूबाईने डोळे मिटून ओचा घट्ट धरला.

धुरळा बसला, तेव्हा लांडगा लंगडत डोंगर चढत होता. वाघी फाटलेला कान घेऊन आली ती थेट ओच्यापाशी.

म्हाळू घोडीपाशी गेला. जाळीतलं कोकरू त्याने जरा बाजूला सरकवलं आणि हात पुढे केला. "दे हिकडं. जागा हाय."

"मग बारसं?" सिदाने विचारलं. आता तो हसत नव्हता.

"डोळं उघडल्यावर," म्हाळू म्हणाला.

तात्पर्य: कुणी जन्मताच उभं राहतं, कुणाला उभं राहायला वेळ लागतो; एकाला मोजायची काठी दुसऱ्याला लावू नये. जे अजून उठलेलं नाही त्याला जो सांभाळतो, त्याची राखण देव करतो.