अकरा सोमवार

गावाचे सारे सांडपाणी जिथे नाल्याला मिळत असे, तिथे पत्र्याच्या एका खोलीत एक वृद्ध गुरुजी आपल्या एकुलत्या एका शिष्येला शिकवत असत. घाण पाण्यातल्या सूक्ष्म जीवांकडून वीज मिळवावी, हा त्यांचा ध्यास होता. खोलीत आठ बरण्या ओळीने मांडलेल्या होत्या. प्रत्येकीत नाल्याचा गाळ, गाळात रुतवलेली कोळशाची एक वडी, दुसरी वडी वर, हवेला लागून, आणि दोन्हींना जोडणारी तार. गाळातले जीव घाण खातात आणि खाता खाता विजेचा अंश तळच्या वडीला देतात. पण आठही बरण्या मिळून एक इवलासा दिवा लागत नव्हता.

शिष्येचे नाव मैना. तिची आई दूर शहराच्या टोकाला, अशाच एका नाल्याकाठच्या वस्तीत राहत होती. तिथे वीज नव्हती. "पहिला दिवा तुझ्या दारात लावीन, तोवर घरी येणार नाही," असे मैना आईला सांगून आली होती. त्याला आता दोन वर्षे होत आली होती.

डोळ्याच्या ऑपरेशनसाठी गुरुजी मुलाकडे गेले आणि अडीच महिने तिकडेच राहिले. मागे मैनाने कामात कसूर केली नाही. दर सोमवारी ती बरण्या उघडी, तळच्या वड्यांवर साचलेला बुळबुळीत थर काथ्याने घासून काढी आणि वड्या लख्ख करून पुन्हा गाळात ठेवी. मग वहीत तारीख टिपून वीज मोजणाऱ्या मीटरच्या काट्याकडे पाहत बसे. काटा थोडा हले आणि पडून राही.

"सोळा सोमवार धरलेत का गं?" दूधवाला दारातून विचारी. "देव प्रसन्न झाला तर आमच्या मोरीलाही दोन वायरी जोड. पंखा तरी फिरेल."

अकराव्या सोमवारी गुरुजी परतले, तेव्हा मैना दगडावर बसून वडी घासत होती. गुरुजी नव्या डोळ्यांनी बराच वेळ पाहत राहिले. मग त्यांनी वड्या आपल्या हातांनी गाळात रोवल्या, एक नळी आणि वरची वडी तेवढी बाहेर ठेवून बरण्यांची तोंडे मेणाने लिंपली, खोलीला कुलूप लावले आणि किल्ली कनवटीला खोचली.

"चाळीस दिवस आत जायचं नाही," ते म्हणाले. "आईला भेटून ये."

"दिव्याशिवाय कशी जाऊ?"

"मग बस इथेच पायरीवर."

मैना पायरीवर बसली. सकाळी गुरुजी तांब्याभर नाल्याचे पाणी घेऊन आत जात, नळीवाटे ते बरण्यांत सोडत, हवेकडची वडी तेवढी पुसत आणि बाहेर येत. समोर नाल्याच्या कडेला अळू वाढले होते. ते पाहिले की तिला आईची न्हाणी आठवे. न्हाणीच्या पाण्यावर आईने अळू लावले होते. पान खुडताना आई तिला हाक मारी, "मैने, चिंच भिजत घाल." ती हाक ऐकून किती दिवस झाले, हे मैना बोटांवर मोजी आणि मध्येच मोजणे सोडून देई.

चाळीसाव्या दिवशी गुरुजींनी कुलूप काढले. मैनाने तारा जोडल्या. एक लहानसा दिवा लागला आणि लागलेलाच राहिला.

"मी एवढी स्वच्छ ठेवत होते," ती हळूच म्हणाली. "आणि हा दिवा घाणीत लागला."

गुरुजी स्टुलावर बसले. "तुमची वस्ती किती वेळा उठवली, बाळ?"

"तीनदा."

"का उठवली?"

"घाण दिसते म्हणून. दोनदा आईने नव्या जागी अळू लावलं. तिसऱ्यांदा नाही लावलं. म्हणाली, कशाला, परत उठवतीलच."

"या वडीवरचा थर म्हणजे त्या जीवांची वस्ती," गुरुजी म्हणाले. "एकमेकांना धरून, वडीला चिकटून ते घर करतात. बस्तान बसलं, की मगच त्यांच्या हातून वीज वाहते. तुला ती घाण दिसली. घरासाठी इतकी झुरणारी तू, तुलाही त्यांचं घर ओळखू आलं नाही. तू किती वेळा उठवलीस त्यांना?"

मैनाने वही उघडली नाही. तिला आकडा पाठ होता.

"अकरा वेळा," ती म्हणाली.

गुरुजींनी मान हलवली. त्या हलण्यात राग नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मैना एस.टी.ने आईकडे निघाली. मांडीवर लिंपलेल्या बरण्यांची टोपली होती. गाडी खड्ड्यातून गेली की ती दोन्ही हातांनी टोपली उचलून धरी, आतल्यांना धक्का लागू नये म्हणून. पिशवीत, ओल्या फडक्यात गुंडाळलेला, नाल्याकाठून उपटलेला अळूचा एक कंद होता. आई नको म्हणाली, तरी तो आपण लावायचा, हे तिने ठरवले होते.