शेंडवाडीची वाटी

पहिल्यांदा खटकलं ते कांद्यांमुळे. वेणू माहेरी आली, तिनं आईपुढे गाठोडं सोडलं, तर कांदे लिंबाएवढे. त्याच नदीच्या पाण्यावर वाढलेले आईच्या गावचे कांदे मात्र मुठीत मावत नव्हते.

गोष्ट फार मागची. आपल्या पणजीच्या पणजीलाही ती ऐकूनच ठाऊक होती. तेव्हा बोरदऱ्याच्या बंधाऱ्यावर धुरपतामाय, म्हणजे या वेणूची आई, पाणी वाटायला बसायची. पुढ्यात पाण्यानं भरलेलं घंगाळ आणि त्यात तरंगणारी तांब्याची वाटी. वाटीच्या बुडाला बारीक भोक, आतून पाव, अर्धी, पाऊण अशा रेघा. भोकातून पाणी चढत चढत वाटी बुडाली की ती हाक द्यायची, "भरली होऽ!" आणि लगेच पाटाचं पाणी दुसऱ्याच्या वावरात वळायचं. वावर बंधाऱ्याला लागून असो की पाटाच्या पार टोकाला, शेंडवाडीत असो, सगळ्यांना एकच वाटी. तिचा आवाज डोंगर ओलांडून जायचा, असं म्हणतात.

वेणू शेंडवाडीलाच दिलेली. ती म्हणाली, "माय, तुझी वाटी भरते गं, माझं वावर भरत नाही."

"मग लेक म्हणून दीड वाटी देऊ? गाव शेण घालेल माझ्या तोंडात."

"लेक म्हणून नको देऊस. एकदा येऊन तर बघ."

धुरपतामाय गेली नाही. वाटीपुढून उठायचं कसं?

पुढचे दोन हंगाम शेंडवाडी करपली, आणि मग उठलीच. बिऱ्हाडं भरलेल्या गाड्या उगवतीकडे गेल्या. वेणूची गाडीही गेली, बंधाऱ्याकडे न वळता.

तेव्हा कुठे धुरपतामाय उठली. शेजारच्या भिवसनला वाटीपाशी बसवलं, "रेघेला पाणी लागलं की ओरड," म्हणाली, आणि शेंडवाडीकडे सोडलेल्या पाण्याच्या टोकाबरोबर चालू लागली. पाट कोरडा ठाक. पाणी भेगांत शिरायचं, उंदरांच्या बिळांत जिरायचं, वळणावर अडायचं, मग पुढे सरकायचं. मागून "पावऽ!" ऐकू आलं, तेव्हा पाणी निम्म्या वाटेवरच्या चिंचेपाशीच होतं. "अर्धीऽ!" ऐकू आलं, तेव्हा ते शेंडवाडीच्या बांधाला नुकतं टेकत होतं.

ती तिथंच चिखलात बसली. "अर्धी वाटी वाटच प्यायली," ती म्हणाली. "आणि मी समजत होते, पोरीला पुरी देते."

तिनं पंचांपुढे पदर पसरला. शेंडवाडीची वाटी पाणी सोडल्यावर नको, पाणी तिथं पोचल्यावर ठेवू. तिथलं माणूस पोचलं म्हणेल तेव्हाच.

"तिथं आता सरडा तरी आहे का पोचलं म्हणायला?" एक पंच हसला. "माय भुतांना विचारून वाटी ठेवणार!"

"वाटा वाडीचा आहे. माणसं येतील."

"बरं, विचार. दिवस मावळेपर्यंत कुणी ओ दिली नाही, तर पाणी आमच्या वावरात."

मग शेंडवाडीच्या पाण्याच्या दर पाळीला धुरपतामाय कोरडी वाटी हातात धरून बंधाऱ्यावर उभी राहायची आणि पुकारायची, "पाणी पोचलं का गंऽ?" ओ यायची नाही. दिवस मावळला की पाणी इकडे वळायचं. तिचे केस पिकले, पाठ वाकली, पण आवाज थकला नाही. असं म्हणतात, की उगवतीकडच्या कुठल्या कुठल्या गावांत दळणाऱ्या बायकांचे हात मध्येच थांबायचे. वाटायचं, माहेरून कुणी बोलावतंय. शेंडवाडीच्या पाळीचं पाणी पाटात श्वास रोखून उभं राहायचं, असंही म्हणतात.

आता बंधाऱ्याला लोखंडी दारं आहेत, वेळ मोबाइलवर बघतात. तरी बोरदऱ्यात शेंडवाडीची पाळी आली की आधी धुरपतामायच्या नावानं हाक जाते आणि तिकडून ओ आल्यावरच वेळ धरतात. टोकाचं माणूस हो म्हणेपर्यंत पाणी दिलं असं इथं कुणी मानत नाही.

आणि ही रीत पक्की झाली त्या दिवशी धुरपतामायला नीट दिसतही नव्हतं. ऊन कलतं झालं होतं. बंधाऱ्यावरची माणसं पाणी वळवायच्या फळीला हात घालून मावळायची वाट बघत होती. तिनं हाक दिली. थांबली. पुन्हा दिली, "पाणी पोचलं का गंऽ?"

पाटाच्या पार टोकाकडून आवाज आला, "पोचलं, मायऽ! ठेव वाटी!"