राणीचा कलश आणि ओथंबलेला देवदार

एका राज्यात, जिथे भर उन्हाळ्यातही डोंगरावरून गार वारा उतरे, तिथल्या राणीनं देवापुढे हात जोडून एक वसा घेतला होता. "झाडाला कलशभर पाणी घातल्यावाचून मी पाण्याचा थेंब तोंडात घेणार नाही. लेक मान वर करीपर्यंत हे असंच चालेल." राणीचं नाव मृगावती. वसा मनापासूनचा होता, आणि त्याच वशापायी तिच्या लेकीचा जीव जायची वेळ आली. ती कशी, ते ऐका.

राजा पद्मकेतूला सिंहासनावरच्या छतासाठी सुगंधी खांब हवे होते. त्यानं उत्तरेच्या डोंगरावरचं देवदाराचं बन तोडलं. बनाचा राखणदार मांत्रिक होता. तो ना रडला, ना ओरडला. दरबारात आला आणि म्हणाला, "राजा, माझ्या झाडांची मस्तकं तू मातीला लावलीस. तुझ्या लेकीचं मस्तकही आता वर उठायचं नाही."

राजकन्या हेमांगी तेव्हा बोबडं बोलत होती. तिची मान खाली गेली, पापण्या मिटल्या, वाचा थांबली. वैद्य झाले, होमहवन झालं. राणी जमिनीवर उताणी निजून लेकीचं तोंड पाही. लेक काही आईला पाहीना.

शेवटी राणी अनवाणी डोंगर चढून गेली. तोडलेल्या खोडावर मांत्रिक बसला होता.

"उःशाप द्या, बाबा."

"तीन कामं आहेत. बनात एक रोप उरलं आहे, फांद्या खाली सोडून ओथंबणारं. मुळांची माती न सांडता ते घरी ने. मग त्याला अशी जागा दे, जिथे दुसऱ्या कुणाची सावली पडत नाही. आणि तिसरं, ते मागेल तेवढंच त्याला दे. त्याचा शेंडा तटावरून हा डोंगर पाहील, त्या दिवशी लेक तुला पाहील."

"तिसरं तर सोपं आहे," राणी म्हणाली.

"तेच अवघड आहे," मांत्रिक म्हणाला आणि धुराची रेघ होऊन विरून गेला.

राणीनं रोप मुळांच्या मातीसकट पदरात बांधलं आणि तान्ह्या बाळासारखं उराशी धरून आणलं. वाटेत मातीचा कण सांडला नाही. रोपावर एक साळुंकी बसली होती, तीही आली. त्या राज्यात पाखरं बोलत, म्हणून कुणाला नवल वाटलं नाही.

राजवाड्याच्या अंगणात एकच जागा बरी होती, पण तिथे हेमांगीच्या जन्माच्या वेळी लावलेला चाफा होता.

"चाफा काढ, राणीबाई," साळुंकी म्हणाली.

"लेकीचा आहे गं तो."

"मग बसू दे लेकीला त्याच्याखाली, मान खाली घालून."

राणीनं डोळे पुशीत आपल्या हातांनी चाफा काढला आणि तिथे देवदार लावला. राजा पाहायला आला. "असं रडकं झाड दारात अशुभ. फांद्या वर बांधून टाका."

"फक्त शेंडा काठीला बांध, मऊ चिंधीनं," साळुंकी राणीला म्हणाली, "नाहीतर हे जमिनीवरच लोळेल. फांद्यांना हात लावू नकोस. हे रडत नाही, राजा. याचं उभं राहणंच असं आहे."

राजा माघारी फिरला.

मग राणीनं तो वसा घेतला. रोज सकाळी कलश भरून आणी, मुळाशी ओती, मग स्वतः घोट घेई. तिचं पाहून गावच्या बायका तुळशीला घालावं तसं पाणी घेऊन येऊ लागल्या. अंगणात चिखल झाला. देवदाराच्या सुया पिवळ्या पडल्या. राणीला वाटलं, आपलीच भक्ती उणी पडतेय. तिनं दुसरा कलश सुरू केला. पिवळ्या सुया करड्या होऊन गळू लागल्या. इकडे हेमांगीची हनुवटी छातीला रुतली, श्वास घरघरू लागला.

"साळुंके, माझं चुकतंय कुठे?"

"तहान कुणाला लागली आहे, राणीबाई? झाडाला, की तुला?"

राणीनं माती उकरली. मुळांना कुजका वास येत होता.

"डोंगरउतारावरचं झाड हे," साळुंकी म्हणाली. "याच्या पायाशी पाणी कधी थांबलं नाही. तू याला तळ्यात उभं केलंस."

"पण वसा टाकला तर देव कोपेल."

"आणि पाळलास तर?"

राणी झाडापाशी बसून राहिली. फांदी तिच्या खांद्याला टेकली होती; वाकलेली, पण मोडलेली नव्हती. राणी उठली. तिनं कलश भरला, देवाला दाखवला, झाडावरून पुढे नेला आणि वेशीवरच्या तहानेल्या वाटसरूच्या ओंजळीत ओतला. मग स्वतः घोट घेतला. "देवा, वसा टाकला नाही, वाकवला आहे. पाप असेल तर ते माझ्या माथी, लेकीच्या नको."

तिनं कुजकी मुळं काढली, खडीवाळूचा उंचवटा केला आणि झाड त्यावर बसवलं. बोटाला माती कोरडी लागली तरच पाणी देई. लेकीचा श्वास मोकळा झाला. मान मात्र खालीच.

देवदार सावकाश वाढतो. हेमांगीचे केस जमिनीला टेकले, राणीचे पांढरे झाले. एका हिवाळ्यात राजा गेला. त्याच्याच इच्छेनं सिंहासनावरचे खांब उतरवले आणि त्यांची चिता रचली. साऱ्या नगरीत देवदाराचा वास दरवळला. राणीनं त्या दिवशीही कलश वेशीवर नेला.

मग एका सकाळी शेंडा तटावरून वर निघाला. डोंगराकडून वारा आला. हेमांगीची मान हळूहळू वर आली, पापण्या उघडल्या. तिनं शेंडा पाहिला, खाली उतरत आलेल्या फांद्या पाहिल्या, आणि फांद्यांखाली कलश घेऊन उभी असलेली पांढऱ्या केसांची बाई पाहिली.

"आजी," ती म्हणाली, "माझी आई कुठे आहे?"

"इथेच आहे, बाळ," राणी म्हणाली. "जरा उशीर झाला, एवढंच."

हेमांगी गादीवर बसली. उत्तरेच्या डोंगरावर कुऱ्हाड बंद झाली, त्या देवदाराच्या बियांतून बन पुन्हा उभं राहिलं, आणि एक दिवस तिथून ओळखीची धुराची रेघ उठताना लोकांनी पाहिली.

तर ऐकणाऱ्या बायांनो, राणीनं केलं तसं तुम्हीही करा. मोकळ्या जागी एक झाड एकटं लावा. शेंड्याला आधार द्या, फांद्या त्यांच्या मनानं खाली येऊ द्या. कलश रोज भरा, पण ओतण्याआधी बोट मातीत घालून पाहा. माती ओली लागली, तर ते पाणी दारी आलेल्या तहानेल्याला द्या.