घरटी होडी एकच!

“ऐका हो ऐका! घरटी एकच होडी ठेवायची! उरलेल्या उद्या राजवाड्याच्या मुदपाकखान्यात जळणाला जमा करायच्या!”

दवंडी ऐकली आणि सांबरखाडीच्या साऱ्या कोळीवाड्याच्या तोंडचं पाणी पळालं.

हुकूम चंडप्रताप महाराजांचा होता. आपल्या राज्याला समुद्रही आहे, हे महाराजांना आदल्याच दिवशी कळलं होतं. ते पाहायला आले, खूश झाले आणि लगेच सुधारणा करायला निघाले! कोळ्यांच्या दारात त्यांना तऱ्हेतऱ्हेच्या होड्या दिसल्या. खाडीच्या उथळ पाण्यासाठी चपट्या बुडाची डोण, किनाऱ्यालगत जाळं टाकायला लहान होडी आणि खोल समुद्रातल्या लाटांसाठी शिडाचा मोठा मचवा.

“केवढी ही उधळपट्टी!” महाराज कडाडले. “पाणी सगळीकडे ओलंच असतं ना?”

“वाहवा!” दिवाण अप्पाजीपंत म्हणाले. “पाण्याचा इतका खोल विचार वरुणदेवानेही केला नसेल!”

आता ठकू कोळणीच्या घरी पेच पडला. तिचा नवरा हिराजी मचवा घेऊन समुद्रात जायचा आणि ती डोण घेऊन खाडीत चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, धरायची. मचवा दिला तर तो घरी बसणार, डोण दिली तर ती! ठकूला बसून राहणं माहीतच नव्हतं. तिने पदर खोचला आणि थेट दरबार गाठला.

“महाराज, हुकूम एकदम झकास आहे!” ती म्हणाली. “पण कुठली होडी ठेवायची हे ठरवायला आम्हाला अक्कल कुठली? आपणच निवडून द्या.”

“मचवा!” महाराज म्हणाले. “मोठा आहे, देखणा आहे. राजाला शोभेल असा.”

“मग त्यातून पहिली मासेमारीही राजानेच करावी. आमच्याच मचव्यातून खाडीत चला. महाराजांना चिंबोऱ्या आवडतात म्हणे!”

चिंबोऱ्यांचं नाव निघाल्यावर महाराज नाही कसे म्हणणार? भरती होती तोवर ते मचव्यात बसून मोठ्या थाटात खाडीत शिरले. चांदीचा चौरंग, रेशमी छत्री, शेजारी दिवाण. सुकाणूवर हिराजी, पुढे ठकू. महाराजांनी जाळं टाकलं. जाळ्यात दिवाणांची पगडी आली. दिवाण म्हणाले, “काय नेम आहे!”

आणि तेवढ्यात ओहोटी लागली. पाणी उतरलं, मचव्याचं बूड चिखलात रुतलं आणि सगळा मचवा एका कुशीवर कलला. चौरंग घसरला. चौरंगावरचे महाराजही घसरले. डासांना राजा कोण आणि दिवाण कोण हे काही कळेना, त्यांनी दोघांनाही सारखाच मान दिला.

“पाहा महाराज,” दिवाण गाल चोळत म्हणाले, “इथला चिखलसुद्धा आपल्याला सोडायला तयार नाही!”

“गप्प बसा! ठकू, हे पाणी परत कधी येणार?”

“भरती आली की.”

“आणि भरती?”

“पाणी आलं की येतेच, महाराज!”

समोर काठावर कोळणी उभ्या होत्या. त्यांच्या पायाशी ठकूची डोण होती, चिखलावरूनही सरसर ढकलत नेता येईल अशी. महाराजांनी ती पाहिली.

“ती डोण इकडे बोलाव!”

“अगंबाई!” ठकूने कानांवर हात ठेवले. “आमच्या घरी मचवा ठेवलाय ना? दुसरी होडी काढली तर हुकूम मोडेल! आणि बाजारात लोक काय म्हणतील? राजाचा हुकूम राजानेच मोडला!”

महाराज लालबुंद झाले. पण बाजाराचं नाव निघताच त्यांची मान ताठ झाली.

“चंडप्रतापाचा हुकूम मागे जात नाही! हुकूम मोडायचा नाही आणि मी रात्रही इथे काढणार नाही! उपाय सांग, नाहीतर तुमचा हा मचवाही जाळीन!”

हिराजीचा चेहरा उतरला. पण ठकूने आवाज हलू दिला नाही.

“महाराज, होडी म्हणायचं तरी कशाला?”

“पाण्यावर तरंगते तिला. हेही माहीत नाही?”

“मग हा मचवा तरंगतोय?”

महाराजांनी खाली पाहिलं. “कुठला! हा तर रुतलाय.”

“म्हणजे आत्ता ही होडी नव्हे, वाकडं झालेलं लाकडी घर आहे! डोण आली तर होडी एकच. आणि मचवा समुद्रात असतो तेव्हा डोण अंगणात पालथी पडते, खाली कोंबड्या बसतात. ते झालं खुराडं! खुराडी जाळा असं काही दवंडीत नव्हतं!”

महाराजांच्या मिशा हलल्या. तरी ते हार मानेनात. “थांब! मचवा समुद्रात आणि डोण खाडीत, दोन्ही एकदम पाण्यात असल्या तर? मग दोन होड्या झाल्या!”

“कुठे झाल्या, महाराज?” ठकू म्हणाली. “हुकूम ‘घरटी’ एक होडी असा आहे. दोन्ही पाण्यात गेल्या, तर घरी एकही नाही! उलट आम्हालाच एक कमी पडते!”

मग महाराज हसले. इतके हसले, की रुतलेला मचवा गदगदा हलू लागला!

“बोलाव तुझं ते खुराडं!” ते डोळे पुसत म्हणाले.

डोण आली. महाराज तिच्यात बसले आणि गळ्यातला मोत्यांचा कंठा त्यांनी ठकूच्या ओंजळीत टाकला. “उद्यापासून राजवनातलं सागवान कोळीवाड्याला खुलं! ज्या पाण्याला जशी हवी तशी होडी बांधा!”

“वाहवा, महाराज! आणि मी?” दिवाणांनी घाईघाईने एक पाय डोणीकडे टाकला.

“तुम्ही बसा, अप्पाजीपंत,” महाराज म्हणाले. “भरती आली की तिला माझा नमस्कार सांगा!”