चौकशीची भाकरी

वेळ सकाळी साडेआठची. स्थळ गावाबाहेरच्या वस्तीतले एक पत्र्याचे घर. एकदा एक तरुण फौजदार तिथे आजारी म्हातारीला भेटायला गेला. पोलिसांवर लोकांचा विश्वास कसा बसेल, या विषयावर त्याने प्रबंध लिहिला होता. वृद्धांच्या घरी जाऊन आपुलकीने विचारपूस करावी, हा त्यातला पहिला उपाय. सोबत त्याचे वृद्ध गुरू होते. नव्या पोलिसांना कायदा शिकवण्यात त्यांचे आयुष्य गेले होते.

दारात उभा राहून फौजदार हसतमुखाने म्हणाला, "आजी, जरा चौकशीला आलो होतो."

म्हातारी अंगातल्या तापासकट उठली. चुलीजवळच्या दोन भाकऱ्या तिने फडक्यात बांधल्या आणि मुलाच्या हाती दिल्या. "गेनू, जुना सदरा घाल. ह्यो नवा हाय, फाटंल."

फौजदाराने आजीसाठी आणलेली मोसंबी हातातच राहिली. "अहो आजी, तसं नाही! मी तुमच्या तापाची..."

"आदी समदे गोडच बोलत्यात, साहेब."

तेवढ्यात गुरूंनी पायताण काढले, आत जाऊन जमिनीवर बसकण मारली, गेनूच्या हातातले गाठोडे सोडले आणि भाकरी मोडून खायला सुरुवात केली.

"गुरुजी!" शिष्य ओशाळला.

"बाई, ठेचा असला तर वाढा. कोरडी घशाखाली उतरत नाही." दुसरी भाकरी त्यांनी शिष्यापुढे धरली. "बस रे! जप्तीला आल्यासारखा उभा काय राहतोस?"

म्हातारीला हसू फुटले. "गेन्या, बगतोस काय? पाव्हण्यास्नी पानी दे."

परतताना शिष्याने विचारले, "गरिबाची भाकरी का खाल्लीत?"

"ती कोठडीसाठी बांधली होती. घरातच संपली, तेव्हा मुलगा कुठे जात नाही हे तिला पटले. बोलून पटले नसते. 'अमका तुझी चौकशी करत होता' म्हटले की कोणीही सुखावतो, इतका तो मायेचा शब्द. आपल्या पोलिसांच्या तोंडून ऐकला की आई सदरा बदलायला लावते. तो शब्द कोणी नासवला, हे आधी शोध. विश्वासाचे मग बघू."

शिष्याला आता आठवले. तो रुजू होण्याच्या आदल्या वर्षी म्हातारीचा थोरला मुलगा तुळशा त्याच्याच ठाण्यात चौकशीला गेला होता. गेला तो स्वतःच्या पायांनी, परतला तो चौघांच्या खांद्यावर. ठाण्यात काय घडले, याचे उत्तर अद्याप कोणीही दिलेले नाही.