गुलाबी रंगाची राखण

“मग रंग गेला कुठं, सर? पाय फुटले का त्याला?”

डोईफोडे सर ब्युरेटची काचनळी धूत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“तुला काय वाटतं?”

“वाटायचं काय त्यात? रेवणनं आम्ल टाकलं.”

रसायनशास्त्राचं प्रात्यक्षिक संपून पोरं चहाला पांगली होती. कौस्तुभ तेवढा मागं राहिला होता. पहिल्या सेमिस्टरला तो वर्गात पहिला आला आणि त्या दिवसापासून त्याचे पाय जमिनीला लागेनात. रेवण दुसरा आलेला. दोघं एकाच टेबलावर काम करायचे, आणि खेड्यावरून येणारा रेवण रोज कौस्तुभच्याच डब्यात जेवायचा.

सरांचा नियम साधा होता. आम्लात बिनरंगी आणि अल्कलीत गुलाबी होणारा दर्शक फ्लास्कमधल्या आम्लात घालायचा, थेंबथेंब अल्कली सोडायची, फिकट गुलाबी छटा आली की थांबायचं, आणि ती सरांना दाखवायची. छटा दाखवली नाही तर गुण नाहीत.

कौस्तुभची छटा आज दृष्ट लागावी अशी आली होती. तोंड अगदी जवळ नेऊन ती बराच वेळ न्याहाळून तो सरांना बोलवायला गेला आणि परत येऊन बघतो तर फ्लास्कमध्ये नुसतं पाणी. टेबलापाशी एकटा रेवण.

कौस्तुभच्या मनात पाल चुकचुकली.

दुसऱ्या खेपेला त्यानं रेवणला दाराबाहेर घालवलं. फ्लास्कच्या तोंडाशी नाक नेऊन, डोळ्यांत तेल घालून पहारा केला. सर येईपर्यंत रंग पुन्हा पसार.

“तेव्हा तर रेवण बाहेर होता,” सर म्हणाले.

“आधीच काहीतरी कालवून ठेवलं असणार. साधा दिसतो, पण आतल्या गाठीचा आहे तो, सर. मी प्राचार्यांकडे जातो. त्याला परीक्षेला बसू देऊ नका.”

“वर्ष जाईल त्याचं.”

“जाऊ दे...”

म्हणून तर बसला, पण नजर स्टुलाकडे गेली. तिथं त्याचा डबा तसाच भरलेला होता. सरांनी एकदा डब्याकडे बघितलं, एकदा त्याच्याकडे.

मग त्यांनी दोन फ्लास्क स्वतः धुतले, आम्ल घेतलं, अल्कली सोडली. कौस्तुभ त्यांच्या बोटांवरसुद्धा नजर ठेवून होता. एकदा संशय शिरला की तो माणूस बघत नाही.

दोन्हीकडे सारखीच गुलाबी छटा आली.

एका फ्लास्कला सरांनी बूच लावलं आणि तो खिडकीत ठेवला. दुसरा कौस्तुभसमोर सरकवला.

“राख हा रंग.”

सर पार पलीकडच्या भिंतीशी जाऊन उभे राहिले. कौस्तुभ वाकला. श्वासानं काच धुरकट व्हायची, तो बोटानं पुसायचा आणि आणखी जवळ जायचा.

छटा विरत गेली... आणि दिसेनाशी झाली.

“गेला!”

“कुणी नेला?”

“इथं तर कुणीच नाही...” त्यानं सरांच्या हातांकडे पाहिलं आणि जीभ चावली.

“माझ्यावरही?” सर हसले. “विचार कर. आपल्या श्वासातून काय बाहेर पडतं?”

“कार्बन डायऑक्साइड.” उत्तर तोंडपाठ होतं.

“तो पाण्यात विरघळला की?”

“आम्ल तया...”

शब्द तिथंच थांबला. कौस्तुभचा हात आपोआप तोंडावर गेला.

खिडकीतला फ्लास्क तसाच गुलाबी होता.

मग सरांनी दार उघडलं. रेवण चहाला गेलाच नव्हता. दप्तर छातीशी धरून तो व्हरांड्यात उभा होता, आणि त्यानं सगळं ऐकलं होतं हे त्याच्या चेहऱ्यावरून कळत होतं. कौस्तुभला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“सर,” तो पुटपुटला, “मी त्याला आता काय सांगू? हे श्वासाचं समजावून सांगू? की आधी...”

सरांनी खिडकीतल्या फ्लास्कचं बूच काढून कौस्तुभच्या हातावर ठेवलं.

“तोंड मिट,” ते म्हणाले, “आणि डबा उघड.”